रात्रभर सिरीज बघायचा नाद असा सोडवा

सगळ्यात आधी ऑटोप्ले बंद करा. नेटफ्लिक्सच्या वेबसाइटवर अकाउंटमध्ये आपलं प्रोफाइल उघडून प्लेबॅक सेटिंग्जमध्ये पुढचा एपिसोड आपोआप लागायची टिक काढायची, निम्मं काम इथंच होतं बघा, कारण मग पुढचा भाग हातानं लावावा लागतो आणि तेवढ्यात भान येतं. दुसरं, एपिसोड संपल्यावर थांबू असं ठरवूच नका, शेवटी उत्सुकता मुद्दाम ताणलेली असते, त्यापेक्षा मधेच, एखादा तिढा सुटला की लगेच बंद करा. मला तरी हेच लागू पडलं. उन्हाळ्यात सोलापूरचं ऊन दिवसभर घरात कोंडून ठेवतं हे मान्य, पण ऊन उतरलं की फोन घरी ठेवून सिद्धेश्वर तलावाकडं चक्कर मारून या. रात्री चार्जर स्वयंपाकघरात, उशाशी अजिबात नको.