ट्रॅकवर सायकलला कॉम्प्युटर लावताय? आधी रेकॉर्डिंगचा सेकंद बघा

दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममधल्या २५० मीटरच्या लाकडी ट्रॅकवर मी पहिल्यांदा फ्लाइंग २०० (आधी वेग घेऊन मारलेला २०० मीटरचा स्प्रिंट) मारली, घरी येऊन सायकल कॉम्प्युटरची फाइल उघडली तर अख्ख्या स्प्रिंटचे तीनच पॉइंट, कारण रोडवरचं स्मार्ट रेकॉर्डिंग तसंच चालू राहिलं होतं. स्मार्टमध्ये प्रत्येक सेकंद लिहिला जात नाही, काही बदललं असं कॉम्प्युटरला वाटलं की तो लिहितो. रोडवर चालून जातं. पण ताशी ६० ला सायकल सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते, पाच सेकंद गाळले की ८० मीटर गेले, म्हणजे एक वळण गायबच.

म्हणून सगळ्यात आधी डेटा रेकॉर्डिंग १ सेकंदावर टाका, गार्मिन एज हा कॉम्प्युटर असेल तर सिस्टिमच्या सेटिंग्जमध्ये सापडेल. छताखाली जीपीएस बंद, ऑटो पॉज आणि ऑटो लॅपही बंद. स्पीडला हबवरचा (चाकाच्या मधल्या भागावरचा) सेन्सर लावा आणि चाकाचा घेर स्वतः मोजून भरा, टायरमध्ये रेसची हवा भरून, सायकलवर बसून, चाकाची एक फेरी जमिनीवर टेपने. वळणात स्पीड थोडा वाढलेला दिसेल, सेन्सर बिघडलेला नाही, तुम्ही आत झुकता तेव्हा चाकाला तुमच्या अंगापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं.

आता १ सेकंद केलं तरी त्याची मर्यादा माहिती पाहिजे. एएनटी प्लस या वायरलेस सिग्नलवर चालणारा पॉवर मीटर (पायाचा जोर वॉटमध्ये मोजणारं यंत्र) सेकंदाला साधारण ४ मेसेज पाठवतो, फाइलमध्ये मात्र ओळ एकच. दहा सेकंदांच्या स्प्रिंटच्या दहा ओळी, बस. स्टँडिंग स्टार्टला, म्हणजे जागेवरून सुटताना, तर अजून पंचाईत, बरेच मीटर क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) एका पूर्ण फेरीवर आकडा काढतात आणि ३० आरपीएमला एक फेरी दोन सेकंद खाते, म्हणजे सगळ्यात जास्त जोर लागतो तिथलाच आकडा उशिरा येतो. त्यामुळे स्टार्टचा पीक पॉवर दुसऱ्याच्या मीटरशी ताडून बघू नका, स्वतःच्याच जुन्या फाइलशी बघा. आणि टायमिंग फाइलवरून कधीच काढू नका, कोणालातरी स्टॉपवॉच घेऊन उभं करा.

रेसमध्ये स्क्रीन रायडरला दिसता कामा नये हा यूसीआयचा (सायकलिंगच्या जागतिक संघटनेचा) नियम, त्यामुळे कॉम्प्युटर सीटखाली जातो. पाठीच्या खिशात टाळा, २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल अंगातल्या पाण्यात अडकतो. सेन्सर कॉम्प्युटरला जोडण्याचं काम (पेअरिंग) घरीच उरका, ट्रॅकच्या मधल्या भागात शेजारच्याचा मीटर पकडला तर दिवसभर त्याचेच वॉट बघत बसाल. स्टार्टआधी क्रँक फिरवून सेन्सर जागा करा, झिरो ऑफसेट मारा, म्हणजे मीटरचा शून्य नीट लावा.

नंतर गोल्डन चीता या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून कॅडेन्स (मिनिटाला पेडलच्या फेऱ्या) बघा. ट्रॅक सायकलच्या फिक्स्ड गिअरवर चाक फिरतंय तोवर पाय थांबूच शकत नाहीत, म्हणून स्पीड ५० आणि कॅडेन्स शून्य दिसलं की तिथे सिग्नल तुटलाय, मग कॉम्प्युटर क्रँकच्या अजून जवळ घ्या.