सोरायसिस आणि यकृत: औषधांच्या दुकानात वारंवार दिसणाऱ्या या चुका टाळा

आमच्या औषधांच्या दुकानात सोरायसिसचे जे नेहमीचे रुग्ण येतात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांकडे दोन चिठ्ठ्या असतात. एक त्वचारोगतज्ज्ञांची आणि दुसरी मधुमेह किंवा रक्तदाबासाठी पाहणाऱ्या डॉक्टरांची. पहिल्या डॉक्टरांना दुसऱ्या चिठ्ठीची कल्पना नसते आणि दुसऱ्यांना पहिलीची. यकृताची विचारपूस मात्र दोन्हींकडे राहून जाते. फार्मासिस्ट म्हणून दोन्ही चिठ्ठ्या एकाच वेळी माझ्यासमोर येतात, त्यामुळे त्यांच्यामध्ये काय निसटते ते मला दिसते आणि त्याची काळजीही वाटते.

सोरायसिस हा केवळ कातडीचा आजार नाही. रोगप्रतिकारक यंत्रणा सतत चेतवलेली राहिल्यामुळे होणारा तो दीर्घकालीन दाह आहे. चट्ट्यांमध्ये तयार होणारी टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१७ आणि इंटरल्यूकिन-६ यांसारखी दाहकारक द्रव्ये रक्तात उतरतात, इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद मंदावतो आणि यकृताच्या पेशींत चरबी साठू लागते. उलट बाजूने, पोटातील चरबी आणि चरबीने भरलेले यकृत स्वतःही दाहकारक द्रव्ये सोडते, त्यामुळे त्वचेवरचा आजार आटोक्यात यायला वेळ लागतो. नेदरलँड्समधील रॉटरडॅम शहरात ५५ वर्षांवरील लोकांच्या दीर्घ पाहणीत सोरायसिस असलेल्यांपैकी सुमारे ४६ टक्के लोकांना फॅटी लिव्हर आढळले, तर सोरायसिस नसलेल्यांत हे प्रमाण सुमारे ३३ टक्के होते. तेव्हा सोरायसिसच्या रुग्णाने यकृताची चौकशी करणे हा अतिसावधपणा नाही. तो उपचाराचाच भाग आहे.

‘एसजीपीटी नॉर्मल आहे, म्हणजे यकृत ठीक आहे’

हा गैरसमज सर्वांत जास्त पसरलेला आहे. एसजीपीटी हे एन्झाइम यकृताच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढते. पण फॅटी लिव्हर असलेल्या कित्येकांत ते मर्यादेतच राहते, आणि यकृतात वण तयार होण्याची क्रिया, म्हणजे फायब्रोसिस, पुढे सरकत असतानाही ते वाढलेले नसू शकते. सोनोग्राफीत चरबी दिसते, पण ती बऱ्यापैकी साठल्यावरच, आणि सुरुवातीचे वण सोनोग्राफीत दिसत नाहीत.

घरी आलेल्या साध्या रिपोर्टवरून एक हिशेब मात्र करता येतो. त्याला फिब-४ म्हणतात. वयाला एसजीओटीने (त्याच रिपोर्टमधल्या दुसऱ्या एन्झाइमच्या आकड्याने) गुणायचे. मग प्लेटलेटची संख्या हजारांत घेऊन तिला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणायचे. आणि पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागायचे. समजा, वय ५२, एसजीओटी ३८, एसजीपीटी ३६ आणि प्लेटलेट १ लाख ६५ हजार आहेत. ५२ गुणिले ३८ म्हणजे १९७६. ३६ चे वर्गमूळ ६, म्हणून १६५ गुणिले ६ म्हणजे ९९०. भागाकार जवळपास २ येतो. या रिपोर्टमध्ये एकाही आकड्यापुढे लाल खूण नसेल, आणि तरीही १.३ च्या वरचा फिब-४ पुढील तपासणीची गरज दाखवतो (६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी ही मर्यादा २ धरतात). पुढची तपासणी म्हणजे बहुधा फायब्रोस्कॅन, ज्यात सुई न टोचता यकृताचा ताठरपणा मोजला जातो आणि ८ किलोपास्कलच्या खालचा आकडा सामान्यतः दिलासा देणारा मानतात. हा हिशेब म्हणजे निदान नव्हे. डॉक्टरांना प्रश्न विचारण्यासाठी हाताशी असलेला तो एक ठोस आधार आहे. तरुण वयात, विशेषतः ३५ च्या आत, तो तितकासा विश्वासार्ह नसतो.

मेथोट्रेक्सेटची गोळी रोज घेणे

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ तोंड आल्यावर लावायचे जेल मागायला आले. त्यांना पाणीही गिळवत नव्हते. ओठांच्या आतल्या बाजूला पांढरे फोड होते आणि दंडावर ठिकठिकाणी काळेनिळे डाग पडले होते. मी त्यांना घरातल्या सगळ्या गोळ्या आणायला सांगितल्या. त्यांत मेथोट्रेक्सेट या सोरायसिसवरच्या, अतिचेतवलेली प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची १० मिलिग्रॅमची पट्टी होती, आणि दुसऱ्या गावातून आणलेल्या त्या पट्टीतल्या दहापैकी नऊ गोळ्या नऊ दिवसांत संपल्या होत्या. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ हे इंग्रजीत लिहिलेले होते. त्यांना सोबतची फॉलिक ॲसिडची गोळी आठवड्यातून एकदा आणि ही रोज, असे उलटे समजले होते. दोन्ही गोळ्या लहान आणि पिवळसर असल्यामुळे हा घोटाळा सहज होतो. त्यांना त्याच दिवशी रुग्णालयात दाखल करावे लागले, आणि पांढऱ्या पेशी व प्लेटलेट दोन्ही धोकादायक पातळीपर्यंत उतरलेले निघाले.

सोरायसिसमध्ये मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायचे असते. तेव्हापासून आम्ही पट्टीवर मार्करने ‘फक्त सोमवार’ असा वार मराठीत लिहून देतो. तुमच्या दुकानदाराने लिहून दिला नाही तर आग्रह धरून लिहून घ्या, आणि घरात गोळ्या देणाऱ्या व्यक्तीलाही तो वार तोंडपाठ असू द्या. चुकून जास्त गोळ्या गेल्या, तर लक्षणांची वाट पाहू नका आणि फॉलिक ॲसिड वाढवून घरी बसू नका. यावरचा उतारा फोलिनिक ॲसिड हा वेगळा आहे, तो रुग्णालयातच द्यावा लागतो आणि जितका लवकर मिळेल तितका उपयोगी पडतो.

याच औषधाच्या बाबतीत एक लहानशी चूक मोठा गोंधळ करते. गोळी घेतल्यानंतर एक-दोन दिवसांत यकृताची तपासणी केली, तर एन्झाइम तात्पुरते वाढलेले दिसू शकतात, मग रुग्ण घाबरतो आणि चांगले चाललेले औषध स्वतःच बंद करतो. शेवटच्या गोळीनंतर किमान पाच दिवस उलटल्यावर रक्त द्यावे. सोमवारी गोळी घेणाऱ्याने शनिवारी, किंवा पुढच्या सोमवारी गोळी घेण्याआधी. को-ट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक मेथोट्रेक्सेटसोबत गेले, तर रक्तपेशी धोकादायकरीत्या घटू शकतात, म्हणून ताप, खोकला किंवा लघवीच्या जळजळीसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना ही पट्टी दाखवायलाच हवी.

‘हे औषध यकृत खातेच’ असे म्हणून उपचार टाळणारेही भेटतात. एकूण किती मिलिग्रॅम पोटात गेले, याच एका आकड्यावर पूर्वी फार भर असे. आता लठ्ठपणा, मधुमेह आणि मद्यपान यांचा वाटा मोठा असल्याचे लक्षात आले आहे. डेन्मार्कमधील नोंदींच्या एका अभ्यासात मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या सोरायसिसच्या रुग्णांत यकृताचे आजार संधिवाताच्या रुग्णांपेक्षा जास्त आढळले. औषध तेच असूनही फरक पडला, याचा अर्थ मूळ आजार आणि त्याच्यासोबत येणारे वजन, साखर, चरबी यांच्याकडेही तितकेच पाहायला हवे.

‘रक्तशुद्धी’साठी घेतलेली चूर्णे आणि काढे

चट्टे दिसले की घरातील कोणीतरी ‘रक्त बिघडले आहे, लिव्हरमध्ये उष्णता आहे’ असे म्हणते आणि काढा सुरू होतो. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेल उकळली गेली. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला, आणि पुढच्या वर्षी देशातील अनेक केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती मांडली. वाद आपल्या जागी असो. सोरायसिस हा मुळातच अतिचेतवलेल्या प्रतिकारशक्तीचा आजार आहे, तेव्हा ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ काहीही मनाने घेणे मला अजिबात योग्य वाटत नाही. त्वचेच्या डागांसाठी पोटात घेतली जाणारी बावची आणि मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल यांच्यामुळेही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भाजीतील चिमूटभर हळदीचा याच्याशी संबंध नाही. नाव, घटक आणि परवाना क्रमांक नसलेली पुडी तर घेऊच नये. चार दिवसांत चट्टे गायब करणाऱ्या अशा पुडीत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. त्याने साखर व वजन वाढते, आणि ते अचानक थांबवल्यावर सोरायसिस पूर्वीपेक्षा भयंकर रूपात, कधी अंगभर पूभरल्या पुळ्यांसह, उसळतो.

थोडक्यात सांगता येतील अशा काही चुका

मेथोट्रेक्सेट किंवा ॲसिट्रेटिन हे सोरायसिसवरचे दुसरे औषध चालू असताना ‘फक्त शनिवारी दोन पेग’ हा हिशेब धरू नये. हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी उपचार सुरू होण्याआधीच करून घ्यावी. कोलेस्टेरॉलवरची स्टॅटिनची गोळी ‘यकृताला त्रास होईल’ या भीतीने स्वतः बंद करू नये. फॅटी लिव्हरमध्ये ती सहसा सुरक्षित असते, आणि सोरायसिसच्या रुग्णाला हृदयविकाराचा धोका मुळातच अधिक असतो.

वजनाबद्दल लोक एकतर उदास होतात किंवा टोकाचे उपवास करतात. ८५ किलोच्या माणसाने सहा-आठ महिन्यांत सहा ते आठ किलो कमी केले, तरी यकृतातील चरबी आणि दाह दोन्ही लक्षणीय उतरू शकतात, आणि चट्टेही औषधांना बरा प्रतिसाद देतात. आपल्याकडे पोटाचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला, तर हातपाय सडपातळ असले तरी धोका धरावा.

शेवटची चूक खाजेची. सोरायसिसच्या रुग्णाला खाज सुटली की तो जुन्याच मलमाची ट्यूब काढतो. पण तळहात आणि तळपायांना रात्री वाढणारी खाज असेल, त्या जागी एकही चट्टा नसेल, आणि सोबत गडद लघवी, पांढरट शौच किंवा डोळ्यांत पिवळेपणा असेल, तर ती खाज पित्ताचा प्रवाह अडल्याची असू शकते. अशा वेळी मलम बाजूला ठेवून, सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि काढ्यांच्या बाटल्या एका पिशवीत भरून, त्याच दिवशी डॉक्टरांसमोर ठेवाव्यात.