अंगणातल्या उपद्रवी खारींवर बंदूक चालवावी का? ठरवण्याआधी काय तपासायचे

खार नेमके काय नुकसान करते आहे, हे आधी कागदावर लिहा. छपराखाली शिरून वायरी कुरतडणे, पक्ष्यांसाठी ठेवलेले दाणे संपवणे, फळे अर्धवट खाऊन टाकणे, कंद उकरणे, या सगळ्यांना आपण ‘खारींचा त्रास’ म्हणतो, पण प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. बंदूक यांपैकी कशावरचाही पहिला उपाय नाही. वायरींचे प्रकरण सर्वांत गंभीर. खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, त्यामुळे ती सतत काही ना काही कुरतडत असते. वायरवरचे आवरण गेले की शॉर्टसर्किट होऊन आग लागू शकते, म्हणून तिथे दिरंगाई नको. दाणे आणि फळांच्या बाबतीत मात्र घाई करायचे काही कारण नाही.

बंदुकीने प्रश्न सुटत नाही याचे कारण साधे आहे. करड्या खारींचे (ब्रिटन-अमेरिकेतल्या मोठ्या, पट्टे नसलेल्या खारींचे) वावरण्याचे टापू एकमेकांत मिसळलेले असतात, एकाच अंगणात अनेक खारी येऊन जातात. एक मारली तरी छपरातले भोक आणि खाद्य जागेवरच असते, आणि ती जागा दुसरी घेते. शिवाय पिल्लांचा विचार करावाच लागतो. करडी खार बहुधा वर्षातून दोनदा विते, हिवाळ्याच्या अखेरीस आणि उन्हाळ्यात. पिल्ले आठ ते दहा आठवडे आईच्या दुधावर असतात. या काळात मादी मारली गेली तर पिल्ले माळ्यावर उपाशी मरतात, कुजतात, आणि दुर्गंधी व माश्या घरात येतात. एकच खार पुन्हा पुन्हा त्याच भोकातून आत-बाहेर करत असेल, तिच्या पोटावर सुजलेली स्तनाग्रे दिसत असतील, तर आत पिल्ले आहेत असेच धरून चाला.

म्हणून पहिले काम भोक शोधण्याचे. सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी, खारी जास्त हालचाल करतात तेव्हा, बाहेरून छपराकडे लक्ष ठेवा. साधारण ४ सेंटिमीटरची फटही त्यांना पुरते. वळचणीच्या फळ्यांचे सांधे, पन्हळीमागची कुजलेली लाकडे, हवेच्या झडपा, पाइप बाहेर पडतो तिथली पोकळी या नेहमीच्या जागा. कडा ताज्या कुरतडलेल्या आणि आजूबाजूला तेलकट काळपट डाग असतील तर वाट वापरात आहे. खात्रीसाठी भोकात वर्तमानपत्राचा सैलसर बोळा कोंबा. दोन-तीन दिवस चांगली हवा असूनही तो हलला नाही, तर आत कोणी नाही. बोळा बाहेर फेकलेला दिसला, तर भोक लगेच बुजवू नका. आत अडकलेली खार बाहेर पडण्यासाठी छत, भिंत, वायर, जे सापडेल ते फोडते.

आत पिल्ले नाहीत किंवा ती आईबरोबर हिंडू लागली आहेत हे पाहिल्यावर भोकावर एकमार्गी दार बसवा. ते फक्त बाहेरच्या बाजूला ढकलले जाते, त्यामुळे बाहेर गेलेली खार परत येऊ शकत नाही. त्याआधी बाकीच्या सगळ्या फटी बंद करा, नाहीतर ती दुसरीकडून शिरेल. दार आठवडाभर ठेवा, आवाज पूर्ण थांबले की काढा आणि भोकावर १२ मिलिमीटर चौकटीची गॅल्व्हनाइज्ड वेल्डेड जाळी लावा. जाळी भोकाच्या चारही बाजूंनी किमान १५ सेंटिमीटर पुढे यायला हवी आणि ती स्क्रू व रुंद वॉशरने घट्ट बसवायची. स्टेपलर पिना खार उचकटते. कोंबडीच्या खुराड्याची पातळ जाळी, फोम किंवा नुसते लाकूड तिच्या दातांपुढे टिकत नाही. छपरापासून ३ मीटरच्या आत येणाऱ्या फांद्या छाटा.

दाण्यांच्या फीडरसाठी गुळगुळीत धातूचा खांब घ्या. त्यावर सुमारे ४५ सेंटिमीटर व्यासाचा शंकूच्या आकाराचा पत्रा जमिनीपासून दीड मीटर उंचीवर लावा. खार जमिनीवरून साधारण १.२ मीटर उंच उडी मारते आणि बाजूने दोन-अडीच मीटर झेपावते, म्हणून झाड, कुंपण, छप्पर यांपासून खांब किमान ३ मीटर लांब हवा. अंतर चुकले की पत्रा निरुपयोगी, आणि बहुतेकांचे बिनसते ते इथेच. दाण्यांना तिखट चोळता येते. पक्ष्यांना ते जाणवत नाही, खारींना झोंबते. हे करताना हातमोजे घाला. कंदांवर मातीखाली २५ मिलिमीटरची जाळी पसरा, कोंब तिच्यातून वर येतात.

पिंजऱ्यात पकडून लांब सोडण्याचा मार्ग दयाळू वाटतो, पण तसा नाही. अनोळखी जागेत लपण्याची ठिकाणे आणि साठवलेले खाद्य नसते, आणि अशा अनेक खारी लवकरच मरतात. बऱ्याच ठिकाणी ते बेकायदाही आहे. ब्रिटनमध्ये पकडलेली करडी खार पुन्हा मोकळी सोडणे हाच गुन्हा आहे. विष तर अजिबात नको. मेलेल्या खारीतून ते घुबड, मांजर, कुत्रा यांच्या पोटात जाते.

एवढे सगळे नीट करूनही नुकसान चालू राहिले, तरच बंदुकीचा विचार. त्यात कायदा तीन अंगांनी पाहावा लागतो: प्राणी, शस्त्र आणि जागा. ब्रिटनमध्ये लाल खारीला संरक्षण आहे, करडीला नाही. अमेरिकेच्या अनेक राज्यांत खार हा शिकारीचा प्राणी आहे, त्याला ठरावीक हंगाम आणि परवाना लागतो. काही देशांत खार मारण्यावर सरसकट बंदी आहे. प्राण्याबाबत मुभा असली तरी वस्तीत शस्त्र चालवायला बंदी असू शकते, आणि एअरगनही (हवेच्या दाबावर छर्रा मारणारी बंदूक) पुष्कळ ठिकाणी त्यात मोडते. वन्यजीव विभाग आणि पोलीस, दोघांकडून उत्तर लेखी घ्या. ते नकारार्थी असेल तर विषय तिथेच संपला.

मग अंगण. खार जिथे असेल तिच्या मागे छर्रा अडवणारी जाड माती किंवा मातीचा उतार हवा. लाकडी कुंपण, झुडूप, पत्र्याची शेड यांना आड समजू नका. दगड, काँक्रीट आणि पाण्यावरून छर्रा उसळून भलतीकडे जातो. झाडावरच्या खारीवर वर तोंड करून झाडलेल्या छर्र्यामागे फक्त आकाश असते. एअरगनचा छर्रा काही शे मीटर जातो, पॉइंट टूटू (०.२२ इंची, बारीक गोळीच्या) रायफलची गोळी दीड किलोमीटरहून अधिक. म्हणून वस्तीच्या अंगणात रायफल नकोच. तारेवरची, छपरावरची किंवा घरट्यातली खार कधीही लक्ष्य करू नका. शेजारची खिडकी, पायवाट, खेळती मुले नळीच्या रेषेत कुठेही येत असतील, तर ते अंगण यासाठी योग्य नाही. घरे खेटून असलेल्या बहुतेक वस्त्यांत निर्णय याच टप्प्यावर होतो, आणि तो नकाराचाच असायला हवा.

शेवटी नेमबाजाची परीक्षा. खारीचा तत्काळ मृत्यू होईल अशी जागा डोळा आणि कान यांच्या मध्ये, जेमतेम २५ मिलिमीटरची असते. कागदावर तेवढे वर्तुळ काढा आणि प्रत्यक्षात जेवढे अंतर असेल तेवढ्यावरून, त्याच बैठकीतून दहा छर्रे मारा. दहाही आत बसायला हवेत. एक बाहेर गेला तर अंतर कमी करा किंवा नाद सोडा. बंदुकीवरची नेमाची दुर्बीण नळीच्या सुमारे ४ सेंटिमीटर वर असते, त्यामुळे अगदी जवळून छर्रा नेमाच्या खाली लागतो आणि खारीचा जबडा फुटतो. ही चूक फार होते. प्लास्टिकची खेळण्यातली बंदूक किंवा गोल लोखंडी गोळ्यांची बीबी गन वापरणे म्हणजे खारीला मारणे नव्हे, नुसते जखमी करणे. जखमी खार घरट्यात किंवा भिंतीच्या पोकळीत शिरते, आणि तिथे ती कोणाच्याही हाती लागत नाही. हालत्या खारीवर झाडायचे नाही, ती थांबण्याची वाट पाहायची.

मेलेली खार उघड्या हाताने उचलू नका. अंगावरच्या पिसवा थंड होणारे शरीर सोडून दुसरीकडे जातात, आणि खारीच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार पसरू शकतो. हातमोजे घालून पिशवीत भरा, तोंड बांधा आणि स्थानिक नियमाप्रमाणे विल्हेवाट लावा. शिशाचा छर्रा वापरला असेल तर मृतदेह उघड्यावर मुळीच टाकू नका, तो खाणाऱ्या पक्ष्यांना शिशाची विषबाधा होते.