घरातल्या घरात कोथिंबीर, पुदिना, बेसिल कसं वाढवायचं

कुंडी, माती, बिया काहीही आणायच्या आधी घरातल्या कुठल्या खिडकीत किती वेळ ऊन येतं ते एक दिवस नीट बघून ठेवा. कारण घरात लावलेली झाडं जातात ती बहुतेक वेळा उजेड कमी पडून नाहीतर पाणी जास्त होऊन, बाकीची कारणं नंतरची. बेसिल, थाइम, ओरेगॅनो, रोझमेरी यांना रोज ६ तास तरी ऊन हवंच, पुदिना, पार्सली, कोथिंबीर मात्र ४ तासांवर भागवून घेतात. खोलीत आपल्याला लख्ख दिसतं म्हणून कुंडी टेबलावर ठेवून मोकळं होऊ नका, खिडकीपासून चार-पाच फूट आत गेलं की झाडाला तो उजेड पुरत नाही. ऊन येतच नसेल तर सरळ एलईडी ग्रो लाइट, म्हणजे झाडं वाढवायचा दिवा, घ्या, शेंड्यापासून साधारण १५ ते ३० सेंमी वर टांगा आणि रोज १२-१४ तासांचा टायमर लावून टाका. रोप लांबुडकं होऊन एका बाजूला झुकायला लागलं, पानांमधलं अंतर वाढलं, की उजेड कमी पडतोय हे समजायचं, तिथे खत घालून काही होत नाही.

कुंडी ६ इंची चालेल पण खाली भोक पाहिजेच. शोभेची बिनभोकाची आवडलीच असेल तर भोकाची कुंडी तिच्यात ठेवा. बागेतली माती घरात आणू नका, कुंडीत ती दगडासारखी बसते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कंपोस्ट आणि थोडं परलाइट (माती मोकळी ठेवणारे पांढरे हलके दाणे) असं हलकं मिश्रण करा, थाइम-रोझमेरीला परलाइट जरा जास्त.

आता लावायचं कसं, तर प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. अख्ख्या धण्यात दोन बिया असतात म्हणून लाटण्याने हलकेच दाबून त्याचे दोन भाग करायचे, चुरा नाही करायचा, मग १ सेंमी खोल थेट त्याच कुंडीत पेरायचे, कारण कोथिंबिरीचं मूळ सरळ खोल जातं आणि रोप हलवलेलं तिला सोसत नाही. एक-दोन आठवड्यांत कोंब दिसतात. बेसिलचं बी नुसतं मातीवर पसरून वर अगदी पातळ थर, ऊब असली की आठवडाभरात उगवतं. पार्सलीला ३-४ आठवडेही लागतात, तोवर उकरून बघायचा मोह आवरा. पुदिन्याला बी कशाला, काडीची खालची पानं काढून पाण्यात ठेवा, मुळं फुटली की लावा. फक्त त्याला कुंडी स्वतंत्र द्या, दुसऱ्या कुणासोबत ठेवलात तर तो सगळी जागा खाऊन टाकतो.

पाण्याचं वेळापत्रक नको. बोट एक इंच मातीत घालून बघा, कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर राहू द्या. द्याल तेव्हा खालून निथळेपर्यंत द्या आणि अर्ध्या तासाने बशीतलं पाणी ओतून टाका. थाइम-रोझमेरीची माती बरीच वाळू द्यावी लागते. मातीवर बारीक काळी चिलटं उडायला लागली तर वरची माती सतत ओली राहतेय, थोडे दिवस वाळू द्या, कमी होतात.

कापणीत बरेच जण घाबरतात आणि खालची मोठी पानं तोडत बसतात, तिथेच बेसिल खुरटतं. नीट बघितलंत तर जिथे पानांची जोडी फुटलेली असते त्या पेरावर, पानांच्या बेचक्यात, दोन इवले कोंब दबा धरून बसलेले दिसतील. त्याच्या जरा वर शेंडा खुडला की ते दोन्ही वाढतात, एका फांदीच्या दोन होतात. रोप ६ इंचांचं झालं की सुरू करा, पुदिन्यालाही हेच. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त मात्र काढू नका, आणि बेसिलची कळी दिसली की लगेच खुडा.

कोथिंबिरीला हा कळी खुडायचा उपाय लागू नाही हं. गरम झालं की ती फुलोऱ्यावर येते, पानं बारीक दोऱ्यासारखी होतात आणि मग काही केल्या परत भरत नाही, त्यामुळे दर २-३ आठवड्यांनी दुसऱ्या कुंडीत थोडे धणे टाकत राहायचे, एक संपेपर्यंत दुसरी तयार.