आढ्यावरच्या कौलांची देखभाल: दरजा कधी भरायच्या, कौल कधी उचलायचं

छपराची दोन्ही पाखी वर जिथे मिळतात त्या आढ्यावर पालथी बसवलेली कौलं, म्हणजे कोने, ही घरातली सर्वात जास्त ऊन-वारा खाणारी जागा. वारा आढ्यावरून पलीकडे जाताना तिथे ओढ निर्माण होते आणि ती कौलांना वर उचलू पाहते. दिवसा कौलं तापून फुगतात, रात्री आक्रसतात. त्यांच्यामधला मसाला, म्हणजे सिमेंट-वाळूचा किंवा चुन्याचा माल, मात्र ताणला जात नाही. त्यामुळे वर्षानुवर्षांनी तिथे केसाएवढी चीर पडते, चिरेत पाणी जातं आणि एखाद्या वादळी रात्री गळती सुरू होते.

अशा वेळी बहुतेक जण एकच करतात. वर चढायचं, थोडा माल कालवायचा आणि जुन्या भेगांवर जाड लेप द्यायचा. लांबून काम छान दिसतं. पण हा लेप जुन्या, धूळभरल्या मसाल्याला धरत नाही. एक-दोन उन्हाळ्यांत त्याचे पापुद्रे निघतात आणि पुढच्या वेळी दोन थर खरवडावे लागतात. म्हणून हातात थापी घेण्याआधी एक प्रश्न सोडवायचा: फक्त दरज उघडली आहे, की कौलाची बैठकच सुटली आहे? दोन्हींची दुरुस्ती वेगळी आहे. कोन्याखालचा मसाला त्याला धरून ठेवतो, ती बैठक. बाहेरून दिसणारी दरज त्या बैठकीचं पाण्यापासून रक्षण करते. बैठक हलत असेल तर नुसती दरज भरून काही उपयोग नाही.

आधी खालून पाहा

पहिली तपासणी जमिनीवरूनच होते. दुर्बीण असेल तर उत्तम, नाहीतर मोबाईलच्या कॅमेऱ्याने झूम करून फोटो काढा आणि मग सावकाश बघा. आढ्याची रेघ सरळ आहे का? एखादं कौल तिरकं झालं आहे का? पन्हळीत किंवा भिंतीच्या कडेला मसाल्याचे तुकडे पडले आहेत का? हे तुकडे आढ्यावरूनच आलेले असण्याचा संभव मोठा. मात्र पूर्ण आढंच मधोमध खचलेलं दिसत असेल तर दोष कौलांचा नाही, खालच्या लाकडाचा आहे. तिथे आधी सुताराला बोलवा, मसाला नंतर.

मग भर दुपारी माळ्यावर जाऊन दिवा बंद करा. आढ्याच्या रेषेत कुठे उजेडाचे ठिपके दिसतात ते पाहा आणि लाकडावर ओलाव्याचे डाग शोधा. इथे एक फसगत होते. आढ्यातून शिरलेलं पाणी वाशावरून आणि रीपेवरून घसरत जातं आणि भलत्याच जागी टपकतं. त्यामुळे छतावरचा डाग जिथे आहे तिथेच भोक असेल असं मानू नका, डागापासून चढाच्या दिशेने वर माग काढा. उलटही होतं. धुरांड्याच्या बुडाशी किंवा भिंतीला लागून असलेल्या सांध्यातून येणारं पाणी बिचाऱ्या आढ्याच्या माथी मारलं जातं.

वर चढण्याआधी

इथे घाई करणाऱ्यांना मी स्पष्टच सांगतो: छप्पर उंच किंवा उभ्या उताराचं असेल, वर जाऊन पाय लटपटत असतील, तर हे काम गवंड्याला द्या. स्वतः करायचं असेल तर कोरडा, वारा नसलेला दिवस निवडा आणि खाली एक माणूस ठेवा. शिडी ४ मीटर उंचीला भिंतीपासून १ मीटर पुढे, या प्रमाणात टेकवा. तिचं वरचं टोक वळचणीच्या साधारण १ मीटर वर यायला हवं आणि शिडी बांधलेली हवी. उतारावर चालण्यासाठी आढ्यावर अडकणारी आकड्याची छप्पर-शिडी वापरा. तिचा भार पलीकडच्या पाख्यावर पडतो आहे, सैल कोन्यावर नाही, हे बघून घ्या. कौलावर पाय द्यावाच लागला तर खालच्या कडेजवळ द्या. तिथे खाली दुसऱ्या कौलाचा आणि रीपेचा आधार असतो, मध्यभागी दिलेला पाय कौल फोडतो. शेजारच्या भागावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांवर अजिबात पाय ठेवू नका.

प्रत्येक कोना वाजवून पाहा

आता आढ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक कोना थापीच्या मुठीने हलकेच ठोका आणि हाताने हलवा. घट्ट बसलेल्या कोन्याचा आवाज भरीव येतो, बैठक सुटलेल्याचा पोकळ आणि बद्द. घट्ट आहे आणि दरजही शाबूत आहे, त्याला हात लावू नका. घट्ट आहे पण दरज फुटली आहे, त्यावर खडूने एक रेघ. हलतो त्यावर फुली. फुल्या निम्म्याहून जास्त झाल्या तर तुकड्यातुकड्याने करण्यापेक्षा सगळं आढं उतरवून नव्याने बसवणं शहाणपणाचं. दोन्ही टोकांच्या कोन्यांकडे विशेष लक्ष द्या, वारा आधी त्यांनाच उचलतो.

जुना मसाला काढणं

एका रेघेच्या कोन्यांची दरज चपट्या छिन्नीने आणि लहान हातोडीने निदान २० मिलिमीटर खोल खरवडा. त्याहून उथळ खाचेत नवा माल तग धरत नाही. छिन्नी कौलाच्या कडेकडे न रोखता मसाल्याकडे धरा. ग्राइंडर मोहात पाडतो, पण त्याची थरथर शेजारचे घट्ट कोनेही सैल करते आणि पाते क्षणात कौलात घुसते. शिवाय त्यातून उडणारी सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते. वापरायचाच तर चांगला मास्क आणि चष्मा हवाच. हाताने खरवडतानाही डोळे झाका.

फुलीच्या कोन्यांना खालून हलकेच उचकटा आणि उतरवून घ्या. एका वेळी फार लांब पट्टा उघडा ठेवू नका, पाऊस सांगून येत नाही. कोन्याच्या पोटातला आणि खालच्या कौलांवरचा जुना मसाला काढून टाका, ब्रशने धूळ झाडा. खाली पाणी अडवणारा कागद किंवा पडदा असेल तर तो फाटू देऊ नका. तडा गेलेला कोना पुन्हा बसवू नका, तो बदला.

माल कालवणं

काम टिकणार की नाही, हे इथे ठरतं. दरजेसाठी १ भाग सिमेंट आणि ३ भाग वाळू, बैठकीसाठी १:३ किंवा १:४. मापं बादलीने घ्या, फावड्याने नाही, कारण ओली वाळू फावड्यावर प्रत्येक वेळी वेगळी बसते. अनेकांना वाटतं, सिमेंट जास्त तर मजबुती जास्त. आढ्यावर हे खोटं ठरतं. सिमेंट जास्त झालं की माल वाळताना जास्त आक्रसतो, तडकतो आणि कौलाच्या कडेपासून सुटतो. इथे ताकदीपेक्षा चिकटून राहणं मोलाचं. वाळू स्वच्छ, मातीविरहित हवी आणि निव्वळ बारीक नको. थोडी रवाळ वाळू मिसळली तर आक्रसणं कमी होतं. खारी वाळू वर्ज्य. माल मऊ व्हावा म्हणून भांडी घासायचा साबण टाकण्याची एक जुनी खोड आहे. त्याने मालात नको तितका फेस होतो आणि ताकद घटते. हवं तर प्लास्टिसायझर मिळतो, तो डब्यावर दिलेल्या प्रमाणात घाला.

पाणी थोडं थोडं घाला. मुठीत दाबल्यावर गोळा टिकावा, पण हाताला पाणी सुटू नये. एका वेळी दीड-दोन तासांत संपेल एवढाच माल कालवा. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो जिवंत करू नका. सिमेंटचा ओला माल कातडी जाळतो, म्हणून हातमोजे घाला.

घर जुनं असेल आणि मूळ मसाला चुन्याचा असेल, तर सिमेंट टाळाच. कडक सिमेंट ओलावा आत कोंडून ठेवतं आणि मऊ भाजलेल्या कौलांच्या कडा त्याने ढासळतात. अशा छपराला चुन्याचाच माल द्या आणि त्याला सुकायला जास्त वेळ लागेल हे धरून चाला.

तयार मिळणारे लवचिक दरज-भरणही चांगलं असतं. पण ते घट्ट बैठकीवर पातळ थर देण्यासाठी आहे, बैठकीची जागा घेण्यासाठी नाही. सिलिकॉन आणि डांबरी पट्ट्या मात्र तात्पुरती मलमपट्टी समजा. नंतर त्यांच्यावर कुठलाच मसाला धरत नाही.

सुटलेला कोना बसवणं

कोने आधी पाण्यात भिजवून पृष्ठभाग कोरडा होऊ द्या. कोरडं कौल मालातलं पाणी पिऊन घेतं आणि माल कच्चा राहतो. दोन्ही टोकांच्या चांगल्या कोन्यांवरून सुताची दोरी ताणा. खालच्या कौलांवर दोन्ही कडांना मालाच्या दोन सलग पट्ट्या द्या, मधला भाग पोकळ ठेवा. सगळा पोटभाग मालाने गच्च भरण्याची चूक फार होते. त्यामुळे माल आढ्याच्या लाकडाला टेकतो आणि ओलावा थेट लाकडापर्यंत पोचतो. जिथे दोन कोने एकमेकांना भिडतात, फक्त तिथे खाली माल भरीव द्या आणि त्यात कौलाचा तुकडा दाबा. नागमोडी कौलांच्या खोल खळग्यांतही तुकडेच घाला. मालाचा जाड गोळा हमखास तडकतो.

कोना ठेवा, हलकेच सरकवत दाबा, दोरीला लावून घ्या आणि सोडून द्या. पुन्हा उचलून ठेवलात तर पकड मेली. कोना खालच्या कौलांवर दोन्ही बाजूंनी निदान ७५ मिलिमीटर यायला हवा. एकावर एक चढणारे कोने असतील तर पाऊस ज्या बाजूने झोडपतो तिच्या विरुद्ध टोकापासून सुरुवात करा, म्हणजे वरच्या कोन्याची कड पावसाकडे तोंड करणार नाही.

नुसत्या मसाल्यावर कोने सोडणं आता मागे पडत चाललं आहे. ब्रिटनच्या कौलारू छपरांच्या मानकात २०१४ पासून मसाल्यासोबत स्क्रू किंवा क्लिपसारखी यांत्रिक पकडही लागते. वाऱ्याच्या जागी निदान टोकाचे कोने तरी स्क्रूने किंवा न गंजणाऱ्या तारेने जखडा. सगळं आढं उतरवलंच असेल तर मसाल्याऐवजी क्लिपा आणि हवेशीर पट्टी असलेल्या कोरड्या पद्धतीचाही विचार करा. तिथे तडकायला मसालाच नसतो.

दरज भरणं आणि सुकवणं

खाच ब्रशने ओली करा, साचलेलं पाणी टिपून घ्या. माल थापीने आत दाबून, थराथराने भरा. वरून थापलेला माल आत पोकळी ठेवतो. शेवट कौलाच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आतच करा, म्हणजे पाणी कौलावरून खाली ठिबकेल, मसाल्यावर नाही. खालच्या कौलांच्या खळग्याच्या जागी एखादं छोटं छिद्र मोकळं ठेवा, चुकून आत गेलेलं पाणी तिथून बाहेर पडतं.

अंगठ्याचा ठसा जेमतेम उमटेल इतपत माल घट्ट झाला की एकदाच थापी फिरवा. सारखं घोटत बसलात तर सिमेंटचं पाणी वर येतं आणि वरची साल नंतर उडते. कौलांवर सांडलेला माल ओल्या स्पंजने लगेच पुसा.

पहिले २४ तास पाऊस लागू देऊ नका, प्लास्टिक हवा खेळेल असं पसरा. कडक ऊन असेल तर निदान तीन दिवस ओली गोणपाटं घाला. पारा ५ अंशांच्या खाली जाणार असेल तर काम पुढे ढकला.

उतरताना पन्हळ साफ करायची राहते. खरवडलेला मसाला तिथे अडकून पाणी तुंबलं तर वळचण भिजते. पहिल्या मोठ्या पावसानंतर माळ्यावर एक चक्कर मारा. पुढे दरवर्षीच्या शाकारणीच्या वेळी आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर खालून नजर टाका. शेवाळ मऊ ब्रशने काढा. प्रेशर वॉशर छपरावर नेऊ नका, त्याचा झोत नव्या दरजाही उकरून काढतो.