सिगारेट सोडल्यावरची तलफ आणि पहिले चार आठवडे

सिगारेट सोडल्यावर पहिला दिवस बहुतेकांचा उत्साहात निघून जातो. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं, त्यामुळे हुरहुर त्याच दिवशी सुरू होते. त्रास मात्र शिगेला पोचतो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी: चिडचिड, अस्वस्थपणा, कशात लक्ष न लागणं, मोडलेली झोप, सारखी भूक. पुढे तो दोन ते चार आठवड्यांत ओसरत जातो. म्हणून शुक्रवारी सकाळी सोडा, म्हणजे सर्वांत वाईट दोन दिवस शनिवार-रविवारी येतील. पण त्याच शनिवारी मित्रांबरोबर 'बसायचा' बेत असेल, तर तारीखच बदला. दारूच्या ग्लासापुढे नवा निश्चय टिकवणं फार कठीण असतं. आदल्या रात्री घरातली, बॅगेतली, स्कूटरच्या डिकीतली पाकिटं आणि लायटर टाकून द्या. 'अडीअडचणीला एक राहू दे' म्हणून ठेवलेली सिगारेट तिसऱ्या रात्री नक्की आठवते.

एकेक तलफ साधारण तीन ते पाच मिनिटं टिकते, क्वचित दहा. ती लाटेसारखी चढते आणि ओढली नाही तरी उतरते. तेवढा वेळ निभावून न्यायचा, एवढंच काम असतं. मोबाइलवर दहा मिनिटांचा टायमर लावा आणि बसल्या जागेवरून उठा. नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्या, तोंडाने सहा मोजत सोडा, असं दहा वेळा करा. मग ग्लासभर पाणी घोट घोट प्या. तोंडाला चाळा म्हणून लवंग, वेलची, भाजलेली बडीशेप किंवा गाजराचे तुकडे खिशात-डब्यात असू द्या. सुपारी मात्र नको. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कर्करोगाला कारण ठरते, आणि सिगारेट सोडून सुपारी किंवा माव्यावर जाणं म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणं. ई-सिगारेटवर तर 2019 पासून देशात बंदीच आहे.

चहाकडे नीट लक्ष द्यायला हवं. टपरी, कटिंग आणि सुट्टा ही सवय एकत्र जुळलेली असते, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामागची दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. सिगारेट-बिडीच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफिनचा निचरा भराभर करतं. धूर थांबला की काही दिवसांत हा वेग उतरतो आणि तेवढ्याच चहाचं कॅफिन रक्तात जास्त वेळ राहतं. छातीत धडधड, हाताला कंप, रात्री टक्क जाग, हे सगळं माणूस सिगारेट सोडल्याच्या खात्यावर टाकतो. त्यातलं बरंचसं चहा-कॉफीचं असतं. पहिल्या दिवसापासून चहा निम्म्यावर आणा आणि दुपारी चारनंतर घेऊ नका. हा परिणाम निकोटिनचा नसून धुराचा आहे, त्यामुळे निकोटिन गम (तलफ शमवायला धुराशिवाय थोडं निकोटिन देणारा च्युइंग गम) घेत असलात तरी चहा कमी करावाच लागतो. उरलेला चहा टपरीवर न घेता जागेवर, शक्यतो न ओढणाऱ्यांबरोबर घ्या.

याच कारणाने काही औषधांची रक्तातली पातळीही वाढते. दम्यासाठी थिओफिलिन किंवा मानसिक आजारासाठी क्लोझापिन, ओलान्झापिन चालू असेल, तर सोडण्याआधीच डॉक्टरांना सांगा. मधुमेह असेल तर साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा.

निकोटिन गम उपयोगी आहे, पण तो 'लागू पडला नाही' म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण तो चुकीचा चघळतात. साध्या च्युइंग गमसारखा सलग चावला की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं. मग उचकी, मळमळ, घशात जळजळ सुरू होते आणि तलफ तशीच राहते, कारण हे निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जायला हवं. सावकाश चावा. तिखट चव किंवा मुंग्या जाणवल्या की थांबा, गम गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या. मिनिटभराने चव गेली की पुन्हा थोडं चावा, दुसऱ्या गालात ठेवा. एक गम अर्धा तास पुरतो. त्याआधी पंधरा मिनिटं आणि चघळताना पाण्याशिवाय काही नको. चहा, कॉफी, लिंबूसरबत, कोल्ड्रिंक यांनी शोषण बिघडतं.

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर 4 मिलिग्रॅम, नाहीतर 2 मिलिग्रॅम. 2 चा गम केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय मिळतो, 4 साठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक घ्या, तलफेची वाट पाहू नका. दिवसाला दोन-तीन गमवर भागवणं हीही नेहमीची चूक आहे. सातव्या ते नवव्या आठवड्यात दोन-चार तासांनी, दहाव्या ते बाराव्यात चार-आठ तासांनी एक, मग बंद. दिवसाला 24 च्या वर नको. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, गर्भारपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. कवळी असेल तर गमऐवजी निकोटिनचा पॅच, म्हणजे त्वचेवर चिकटवायची पट्टी, सोयीचा.

सकाळी सिगारेटशिवाय पोट साफ होत नाही, ही तक्रार खरी असते. कोमट पाणी, रात्री इसबगोल आणि ठरलेल्या वेळी बसणं, यांनी हळूहळू सुटते. खोकला काही दिवस वाढतो, कारण श्वासनलिकेतले बारीक केस पुन्हा कामाला लागून कफ वर ढकलतात. तोंड येणं तात्पुरतं असतं. वजन वर्षभरात चार-पाच किलो वाढू शकतं. पहिल्या महिन्यात त्यासाठी उपास-डाएट नको, भूक आणि तलफ एकमेकींना चिथावतात. उदासपणा दोन आठवड्यांहून जास्त टिकला किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर मात्र लगेच डॉक्टर गाठा.

एखादी ओढली गेली, तर 'आता मोडलंच' म्हणून पाकीट घेऊ नका. गम चालू ठेवा. कुठे, कुणाबरोबर, किती वाजता ओढली, हे लिहून ठेवा आणि त्या वेळेसाठी पुढच्या आठवड्याची सोय आधीच करा. बोलायला माणूस हवं असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा 1800-11-2356 हा नंबर मोफत आहे. ज्या पाकिटातून सिगारेट काढली, त्यावरही तो छापलेला असतो.