ओव्हरक्लॉक केलेला पीसी मधेच बंद पडतो? कोकणात या चुका टाळा

जानेवारीत ओव्हरक्लॉक करून, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगावर, पाच गिगाहर्ट्झला बिनतक्रार चालणारा पीसी एप्रिल अर्धा सरला की ब्लू स्क्रीन दाखवायला लागतो. मग आधी विंडोज नव्याने टाकली जाते, मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला जातो, शेवटी रॅमवर संशय येतो. रत्नागिरी असो की वेंगुर्ला, क्रम ठरलेला. प्रोसेसर तोच, सेटिंग तीच, बदललेली असते खोलीची हवा. माझं ठाम मत आहे की आपल्या किनाऱ्यावर ओव्हरक्लॉक टिकला की नाही हे मे महिन्यातली दुपार ठरवते. थंडीत रात्री दीड वाजता पास झालेल्या टेस्टवर विसंबून राहणं ही पहिली आणि सगळ्यात मोठी चूक.

हिशोब सोपा आहे. साधा एअर कूलर असो की पाण्याचा, तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तेवढ्याच वॉटला तो खोलीच्या वर साधारण तेवढेच अंश ठेवतो. खोली २४ अंशांवर असताना सिनेबेंच या जड टेस्टमध्ये प्रोसेसर ८६ ला थांबला असेल, तर खोली ३४ झाल्यावर तो ९६ च्या आसपास जाणार. इंटेलच्या १२ ते १४ व्या पिढीतल्या के प्रोसेसरची (ओव्हरक्लॉक करता येणाऱ्या, नावाशेवटी के असलेल्या) मर्यादा १०० अंश, एएमडीच्या रायझन ७००० मधल्या बहुतेकांची ९५. मर्यादा आली की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो, मग बंद कशाला पडेल, असं बरेच जण म्हणतात. पण सिलिकॉन तापलं की तोच वेग पेलायला थोडं जास्त व्होल्टेज लागतं. थंडीत काठावर पास झालेलं व्होल्टेज उन्हाळ्यात तोकडं पडतं आणि मर्यादा येण्याआधीच चुका सुरू होतात.

त्यात कॉम्प्युटर टेबलाचा तो दाराचा कप्पा. कॅबिनेट आत ठेवायचं, मागे वायरीपुरतं भोक, दार बंद. स्लॅबखालच्या वरच्या खोलीत अशा कप्प्यातली हवा खोलीपेक्षाही बरीच गरम असते, आणि कूलरला तीच हवा ओढावी लागते. दार काढून टाका. मागची फळी कापता आली तर तीही कापा. महागडा कूलर घेण्याआधी हे करून बघा.

स्टॉकवर (कंपनीच्या मूळ सेटिंगवर) न जाता शोध घेणं

पीसी अस्थिर झाला की माणूस व्होल्टेज थोडं वाढवतो, मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) एक पायरी उतरवतो, रॅमचं टायमिंगही हलवतो, आणि हे सगळं एका बैठकीत. मग सुधारलं तरी कशाने सुधारलं ते कळत नाही. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगच्या मेनूत) जाऊन आधी सगळं मूळ सेटिंगवर आणा. बायोसपर्यंतच पोचता येत नसेल तर प्लग काढा आणि बोर्डावरचा क्लिअर सीमॉसचा (बायोसची सेटिंग पुसणारा) जंपर वापरा, किंवा सीआर२०३२ची गोल बॅटरी पाच-दहा मिनिटं काढून ठेवा. आता स्टॉकवर दोन-तीन दिवस नेहमीचं काम करा. तरीही बंद पडला तर दोष ओव्हरक्लॉकचा नाही, आणि व्होल्टेजशी खेळत बसण्यात अर्थ नाही.

इथे एक गोष्ट हमखास निसटते. एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम खोक्यावरच्या वेगावर चालवणारं बायोसमधलं सेटिंग, हासुद्धा ओव्हरक्लॉकच आहे. रॅमच्या खोक्यावर ३६०० लिहिलंय म्हणून ती प्रोसेसरला मान्य आहे असं नव्हे. रायझन ५००० ला एएमडीने अधिकृतपणे ३२०० पर्यंतच हमी दिलेली आहे. आधीच्या दोन स्टिकना आणखी दोन जोडल्यावर बिनसलं असेल तर अजून जपून. रायझन ७००० दोन स्टिकवर ५२०० चालवतो, पण चार स्टिक लावल्या की अधिकृत आकडा ३६०० वर येतो. म्हणून प्रोसेसर तपासताना एक्सएमपी बंद ठेवा आणि रॅम तपासताना प्रोसेसर स्टॉकवर ठेवा. रॅमची तपासणी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ ने, विंडोज सुरू करण्याआधीच करावी. बिघडलेल्या रॅमवर विंडोज चालवली की चुकीची माहिती डिस्कवर लिहिली जाते, आणि मग रॅम दुरुस्त झाली तरी विंडोज रडतच राहते. तसं झाल्याचा संशय आला तर अॅडमिनच्या कमांड प्रॉम्प्टमधून विंडोजच्या बिघडलेल्या फायली दुरुस्त करणारा सिस्टिम फाइल चेकर चालवा. घरातले फोटो, मुलांचे प्रोजेक्ट, काजू-आंब्याच्या हिशोबाच्या फायली यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतल्याशिवाय तर ओव्हरक्लॉकला हातच लावू नका.

फक्त जड लोडवर तपासणं

देवगडकडचा एक कॉलेजातला मुलगा फोनवर म्हणाला, "दादानू, गेम खेळताना कायएक होणा नाय, नुसतो ठेवलंय की रिस्टार्ट होता." प्राइम९५ (सगळ्या प्रोसेसरला राबवणारी टेस्ट) त्याने रात्रभर चालवलं होतं, ते पास. रायझन ५०००, आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरमधल्या प्रत्येक कोअरचं व्होल्टेज कमी करणारं सेटिंग) सगळ्या कोअरना उणे तीस. त्याच्या बोलण्यातच निदान होतं. सगळे कोअर एकदम राबतात तेव्हा प्रत्येकाचा वेग कमी असतो. पीसी निवांत असताना एखादाच कोअर क्षणभर सर्वोच्च वेगावर उडी मारतो, आणि नेमकं तिथे कापलेलं व्होल्टेज पुरत नाही. कर्व्ह ऑप्टिमायझरची एक पायरी म्हणजे सुमारे ३ ते ५ मिलिव्होल्ट, म्हणजे उणे तीसला ९० ते १५० मिलिव्होल्टची कपात. सगळे कोअर ती सोसतीलच असं नाही.

अशा वेळी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सिस्टिम लॉगमध्ये व्हिआ-लॉगरच्या (WHEA-Logger) नोंदी शोधा. नोंद १८ असेल तर हार्डवेअरची पीसी बंद पाडणारी चूक, १९ असेल तर चूक झाली पण सावरली गेली. १९ च्या नोंदी साचायला लागल्या की पीसी वरवर ठणठणीत दिसला तरी तो काठावर आहे असं समजा. रायझनवर १८ च्या नोंदीत प्रोसेसर एपिक आयडी (APIC ID) दिलेला असतो. एका कोअरचे दोन थ्रेड असल्याने सहसा ० आणि १ म्हणजे पहिला कोअर, २ आणि ३ म्हणजे दुसरा. या मुलाच्या लॉगमध्ये तोच तो आयडी पुन्हा पुन्हा येत होता. त्या एका कोअरला उणे तीसवरून उणे पंधरावर आणलं, बाकीचे तसेच ठेवले, मग कोअरसायकलरने एकेक कोअर वेगळा तपासला. हा प्रोग्राम रात्री लावून झोपायचं. सरसकट सगळ्या कोअरना एकच आकडा देणं सोपं असतं, पण बहुतेक भानगडी तिथूनच सुरू होतात.

लाईटचा दोष प्रोसेसरच्या माथी मारणं

कर्नल-पॉवर ४१ ही नोंद बघून लोक पॉवर सप्लाय बदलायला धावतात. तिचा अर्थ एवढाच की पीसी नीट शटडाऊन न होता बंद पडला. ओव्हरक्लॉकने पडला तरी ४१, वायर निघाली तरी ४१. वेळ लिहून ठेवा. विहिरीवरचा पंप सुरू होताना, संध्याकाळी लाईट डीम होताना किंवा वादळी पावसात लाईट लपकताना तो पडतो का? स्टॉकवरही त्याच वेळी पडत असेल तर कारण भिंतीतल्या सॉकेटमध्ये आहे. वायरमनकडून संध्याकाळच्या भर वापराच्या वेळी व्होल्टेज मोजून घ्या.

यूपीएसकडेही बघा. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस बहुतेक ३६० वॉटच पेलतो. इंटेल आय९-१४९००के एकट्याची टर्बो मर्यादा २५३ वॉट आहे, तीही ओव्हरक्लॉक न करता. त्यात ग्राफिक्स कार्ड आलं की लाईट जाताक्षणी यूपीएस हात टेकणारच.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून कॅबिनेटवर गळती येते आणि तिला जमिनीत जायला वाट मिळत नाही. जांभ्याच्या कातळावर अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत पडतो, तेव्हा त्यात पाणी घालत राहावं लागतं. यामुळे प्रोसेसर अस्थिर होतोच असं मी म्हणणार नाही, पण जिवाशी संबंध आहे, त्यामुळे हे आधी करा आणि ओव्हरक्लॉक नंतर.

खारी हवा विसरणं

किनाऱ्यालगतच्या घरात धूळ नुसती बसत नाही, चिकटते. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि कूलरच्या पात्यांमध्ये धुळीचा ओलसर थर धरतो. ब्लोअर मारून तो पूर्ण निघत नाही, कूलर उतरवून मऊ ब्रशने साफ करावा लागतो, आणि उतरवला की थर्मल पेस्ट नवीन लावावी लागते. पावसाळ्यानंतर रॅमच्या चुका अचानक दिसायला लागल्या तर सेटिंग बदलण्याआधी स्टिक काढून तिचे सोनेरी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खोडरबराने घासायची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, पण त्याचा भुगा स्लॉटमध्ये जातो आणि सोन्याचा मुलामाही झिजतो.

व्होल्टेज ओतत जाणं

अस्थिर झालं की व्होल्टेज वाढवायचं, हा शेवटचा उपाय लोक पहिला करतात. व्होल्टेज वाढलं की उष्णता वेगापेक्षा फार भरभर वाढते, आणि आपल्याकडे मुळात उष्णतेचाच तुटवडा नाही. बायोसमधल्या आकड्यावर विसंबू नका; लोड लावून एचडब्ल्यूइन्फो (HWiNFO) या प्रोग्राममध्ये प्रत्यक्ष व्होल्टेज बघा, ते खाली घसरलेलं दिसेल. ही घसरण भरून काढायला लोड-लाइन कॅलिब्रेशन असतं, पण ते टोकाला नेलं तर लोड सुटताक्षणी व्होल्टेज उसळतं. मधली पायरी ठेवा. त्यापेक्षा शंभर मेगाहर्ट्झ सोडून द्यावेत. रोजच्या कामात त्यांचा फरक जाणवत नाही, तापमान मात्र चांगलंच उतरतं. बायोसमध्ये दोन प्रोफाइल सेव्ह करून ठेवा, एक थंडीचा, एक मार्चपासूनचा. मात्र बायोस अपडेट केल्यावर जुने प्रोफाइल उडू शकतात, म्हणून आकडे वहीत लिहून ठेवा.

आणि स्टॉकवरही बंद पडणारा प्रोसेसर इंटेलच्या १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा असेल तर गोष्ट वेगळी. या पिढ्यांमधल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्तीच्या व्होल्टेजमुळे कायमचा बिघाड होतो हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, त्याच वर्षी ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रामचे) अपडेट दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बोर्ड कंपनीच्या साइटवरून नवा बायोस टाका, पण आधीच बिघडलेला प्रोसेसर त्याने बरा होत नाही. तो बदलूनच घ्यावा लागतो. पार्ट मुंबईहून आणला असो, कोल्हापूरहून की पणजीहून, बिल आणि खोक्यावरचा सीरियल नंबर याचा फोटो आजच काढून ठेवा, कारण थर्मल पेपरवर छापलेलं बिल दमट हवेत फार दिवस वाचता येत नाही.